आबांची झोप

पहाटेपासून बारा तास सूतगिरणीत उभं राहूनही हेमलता चढावर सायकल दामटत निघाली. आठवडाभर तिला याचं नवल वाटत होतं. गिरणीने प्रत्येकीच्या दंडावर शीण ओढून घेणारी पट्टी बांधली होती. पण जोडपट्टी बांधून तो शीण दुसऱ्या कुणालातरी सोसावा लागे. तिने तर ती बांधायला कुणालाच विचारलं नव्हतं; घरी फडताळात ठेवून दिली होती.

घरी येऊन पाहते, तर जोडपट्टी वडिलांच्या दंडावर!

ती कळवळली. "आबा, या वयात माझा शीण कशाला घेता?"

"तुझी आई गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता, पोरी," आबा जांभई देत म्हणाले. "आता गाढ झोपतो. राहू दे ती."

हेमलताने त्यांच्यावर चादर ओढली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, आणि सबंध संध्याकाळ तिची होती.