एका कप्प्यातली दोन नावं

दुपारी मोरोक्कोतल्या तेतुआनच्या बसस्थानकावरच्या कचेरीत विसाल संगणकावर वेळापत्रक लावणारी स्क्रिप्ट तपासत होती. तपासणीपुरतं तिने त्यात स्वतःचं नाव घातलं होतं, आणि मार्सेयला राहणाऱ्या धाकट्या बहिणीचं, गिझलानचंही.

स्क्रिप्टला ठाऊक असलेल्या सगळ्या नावांचं कोष्टक तिने पडद्यावर आणलं. प्रत्येक नावापुढे संगणकाच्या स्मृतीतला त्याचा कप्पा दिसत होता. दोघी बहिणींचा कप्पा मात्र एकच होता. तिने तसं केलंच नव्हतं.

विचार करता करता पुदिन्याचा गरम चहा तिच्या बोटांवर सांडला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, माझी बोटं भाजली गं!" गिझलान म्हणाली. "मी तर नुसती खिडकीत बसलेय."

विसाल हसली. मग हसू विरलं. तिने हळूच आपल्या मनगटाला चिमटा काढला.

"या अल्ला! आता चिमटा कोण काढतंय?"

खाली बस सुटत होती, पण बसचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. दोघी एकाच कप्प्यात होत्या म्हणूनच हे होत होतं; कोष्टकातलं एक नाव काढायलाच हवं होतं. बहिणीचं काढायला विसालचा हात धजेना. तिने स्वतःचं काढलं.

"आता कसं वाटतंय?"

"आता काही नाही. एकदम मोकळं वाटतंय."

विसालने डोळे मिटून श्वास सोडला.

शेजारच्या टेबलावरून इद्रिसने मान वळवली. इतकी वर्षं तो तिच्याबरोबर काम करत होता. तिच्या बहिणीला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

"गिझलान," विसालकडे बघत तो म्हणाला, "चहा थंड होतोय. एवढं कुणाशी बोलतेयस?"