पूजेतली घोडी

खंडेनवमी होती. शिळफाट्याच्या गॅरेजात आबाजींनी सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. जॅकवर उचललेल्या गाडीला आधार देणारी लोखंडी घोडीसुद्धा. नारळ तेवढा फोडायचा होता. इतक्यात एक गाडी खडखडत आली. पुढचं चाक धरून ठेवणारा आर्म बदलायचा होता. गाडीतली बाळंतीण उतरून सावलीला बसली, तिला बघून आबाजींना नाही म्हणवेना. पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही, म्हणून गाडीतलाच जॅक लावून ते खाली शिरले. “घोडीशिवाय जायचं नाय, तुमीच शिकवलंत ना?” काम शिकणारी सुनिता म्हणाली. “आज नाय गं.” तिनं झेंडूच्या माळेसकट घोडी उचलून चॅसीखाली सरकवली. “पूजा मोडलीस!” आबाजी आतून ओरडले, आणि जॅक निसटला. गाडी घोडीवर बसली. झेंडू चिरडले. आबाजी सरपटत बाहेर आले. त्यांनी पाटावरचा नारळ सुनिताच्या हातात दिला. “फोड गं. पूजा आत्ता झाली.”