जोडला!

पॉवरहाऊसमधला नवा जनरेटर त्या दिवशी पहिल्यांदा ग्रिडला जोडायचा होता, आणि काम नव्या इंजिनीअरबाईंकडे होतं. ही बाई मशीन जोडते की उडवते ते बघायला सगळं खातं कंट्रोल रूममध्ये लोटलं होतं. कँटीनचा आचारीसुद्धा हात पुसत येऊन उभा राहिला.

ग्रिड सांभाळणाऱ्या मुख्य केंद्राची परवानगी घ्यायला तिने फोन लावला. पलीकडे एक बाई बोलली, तशी हिने विचारलं,

"ताई, जरा ड्यूटीवरच्या इंजिनीअरसाहेबांना देता?"

"मीच आहे ड्यूटीवर. तुम्ही तुमच्या साहेबांना द्या."

"अहो, इथलीही इंजिनीअर मीच आहे!"

मग पलीकडची अशी काही खळखळून हसली, की हिलाही हसू आवरेना.

"अगंबाई, खरंच? मला वाटलं, या खात्यात मी एकटीच!"

"मलाही तसंच वाटत होतं."

"बरं, मग परवानगी आहे. जोडा बिनधास्त. मी फोनवर आहे."

मशीन ग्रिडच्या तालात आलं की सरळ वर येणारा मीटरचा काटा सावकाश फिरत वर येऊ लागला. फोन कानाशी धरूनच तिने श्वास रोखला आणि नेमक्या क्षणी स्विचची मूठ फिरवली. खटका बसला. मशीनने जराही हिसका दिला नाही. मागे टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"काय झालं? सांगा ना, जोडला का?"

"जोडला गं, जोडला!" ती ओरडली.