कुंगाचे केस

मठातून मस्तक मुंडवून परतलेल्या यांगझोमला स्मृती हरपलेली आई ओळखत नव्हती. परकी भिक्षुणी समजून ती तिला आदराने ‘अनी-ला’ म्हणे. एके सकाळी यांगझोमने घरातल्या कुंगा या ल्हासा आप्सो कुत्र्याचे गुंतलेले केस कातरून टाकले. तेव्हापासून आई “कुंगा, अरे कुंगा!” अशा हाका मारीत देवघर, अंगण, जिना धुंडाळीत राहिली आणि कुंगा तिच्या पायांमागून फिरत राहिला. अखेर त्याने तिचा तळवा चाटला. आईने त्याचे कान चाचपले.

“मेल्या, तूच होय! केस गेले नि फसले बघ मी.”

यांगझोमने अधीरतेने आपले मस्तक त्याच हाताखाली नेले.

आई दचकून मागे सरली. “अगोबाई! अनी-ला, तुम्ही माझ्यापुढं वाकायचं नसतं. आणि हे बघा, माझी यांगझोम आली ना, की तिच्या वेण्यांना तेवढी कात्री लावू नका हं.”