चालून दाखवा

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात हिरामण जांभूळ गावात मुलगी बघायला गेला, पण चालून दाखवायची पाळी आली ती त्याच्यावरच. मुलीच्या बापाने, बाळाजीने, त्याला ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि त्याचा लंगडणारा पाय नीट पाहून घेतला.

“पाहुणे, अंबरनाथची नोकरी चांगली आहे तुमची. स्वभावानेही बरे दिसता. पण हा पाय म्हणजे मागल्या जन्माचा भोग. माझ्या पोरीने त्यात वाटा कशाला घ्यावा?”

हिरामणला राग आला नाही. लहानपणापासून जो तो त्याला हेच सांगत आला होता, आणि त्याला कुतूहल होतं ते एकाच गोष्टीचं.

“मामा, मी नेमकं काय केलं होतं, ते तुम्हाला कोणी सांगितलं का? मी तर विचारून विचारून थकलो.”

“ते कोणाला ठाऊक? केलं असेल काहीतरी, म्हणून तर भोगताय.”

चहाचे कप उचलायला आलेली मुलगी, चांगुणा, तिथेच थांबली. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती.

“आबा, यांचं निदान भोगून तरी होतंय. मागच्या महिन्यात तुम्ही बदलापूरचा तो धडधाकट आणला होतात, त्याचं काय काय भोगायचं राहिलंय, ते कुठे दिसत होतं?”

बाळाजीने पुढे लांब सोडलेले आपले दोन्ही धडधाकट पाय हळूच जवळ ओढून घेतले.