मास्तरांचा नवा शब्द

लेक नवा ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द निसटला, “डाउडी.”

उद्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात तिची मुलाखत. त्यासाठी फॅशनचे चाळीस इंग्रजी शब्द ती आठवडाभर घोकत होती. आणि त्यासाठीच तिच्या शिंपी बापानं चार गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून हा ड्रेस शिवला होता.

“डाउडी म्हणजे गं काय?” मशीनवरून मान वर करत मास्तरांनी विचारलं.

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “म्हणजे... साधं. सोज्वळ.”

“असं होय!” मास्तर खुलले. “आणि वापरायचा कसा?”

“कपड्याला म्हणा, माणसाला म्हणा. दोन्ही चालतं.”

तेवढ्यात समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आपला ड्रेस न्यायला आल्या. पडद्याआडून तो घालून बाहेर आल्या, तसं मास्तरांना राहवेना.

“वा, बाई! अगदी डाउडी दिसताय!”

लेकीनं डोळे मिटून घेतले.

बाई हसत सुटल्या. “मास्तर, तोंडावर काकूबाई म्हणताय मला? तेही तुमच्याच हातच्या ड्रेसमध्ये?” लेकीकडे नजर गेली तसं त्यांचं हसू विरलं. “चालायचंच हो,” म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि तशाच निघाल्या.

दुकानात दोघंच उरली, तशी लेक मशीनजवळ आली.

“बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी...”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. “गिऱ्हाईकही तोंडावर सांगत नाही गं. नुसतं यायचं थांबतं.” मग ते लेकीभोवती सावकाश एक फेरी मारून आले. “बरं, हा काकूबाईपणा बसलाय कुठं? बाहीत, का गळ्यात?”

त्यांनी मशीनवरचा खडू तिच्या हातात दिला.

“शब्द पाठ केलास ना? मग कापडावर दाखव.”

तिनं खडू डाव्या बाहीवर टेकवला. कोपराच्या बरीच वर, दिसेल न दिसेल अशी एक रेघ ओढली.

मास्तर वाकून बघत राहिले.

“ठळक मार, बाळ. पुसट रेघेवर कात्री चुकते.”