भिंतीवरच्या बायका

"पोलकी? दगडाच्या बायकांना पोलकी?" क्रांती इतक्या जोरात ओरडली, की शिडीवरच्या लालासाहेब पेंटरचा हात थबकला. देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या उघड्या बायकांपैकी तिघींच्या अंगात हिरवीगार पोलकी चढली होती. ऑइल पेंट अजून ओला होता. खाली देवस्थान समितीचे अध्यक्ष नानासो कमरेवर हात ठेवून उभे.

याच नानांनी परवा तिला पायरीवर अडवलं होतं. ती साताऱ्याच्या पोलीस भरतीसाठी रोज सकाळी धावते, आणि धावून आली की या भिंतीवरच्या एका बाईला हात लावते. आठशे वर्षांपूर्वी कुणा कारागिरानं घडवलेली ही बाई एका पायावर उभी राहून दुसऱ्या तळव्यातला काटा काढते आहे. क्रांतीला ती अगदी आपली वाटते. "हाफ पँटीत देवळात यायचं न्हाई," नाना म्हणाले होते. ती फटकन बोलून गेली, "मग ह्या भिंतीवरच्यांनाबी हाकला की, नाना!" पायरीवरची माणसं खो खो हसली. नानांच्या ते जिव्हारी लागलं.

आणि त्याचा सूड हा असा! बोलली क्रांती, आणि भोगायचं त्या काटा काढणाऱ्या बिचारीनं. पुढचा नंबर तिचाच होता.

"नाना, बंद करा हे. रंगानं नक्षी बुजती."

"बुजू दे. आयाबहिणी येत्यात हितं. काय लाजलज्जा हाय का न्हाई?"

क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं दगडातला भैरव उभा होता. हातात डमरू, त्रिशूळ, गळ्यात मुंडमाळ, आणि अंगावर सुताचा धागा नाही. त्याच्यापुढं नाना रोज हात जोडायचे. क्रांतीनं शिडीखाली पडलेला दुसरा ब्रश उचलला, रंगाच्या डब्यात बुचकळला आणि थेट भैरवाच्या कमरेपाशी नेला.

"अगं ए! काय करतीयास?"

"चड्डी घालतीया. आयाबहिणी येत्यात की."

"देव हाय त्यो! गावावर कोप हुईल, पोरी!"

"मग आधी त्या बायकांचं पुसा. न्हाईतर लागलाच समजा रंग."

एव्हाना गाव गोळा झालं होतं. नानांनी एकदा देवाकडं पाहिलं, एकदा ब्रशाकडं. मग त्यांनी लालासाहेबाला खाली उतरवलं, त्याच्या हातातलं थिनरचं फडकं हिसकावलं, तरातरा शिडी चढले, आणि साऱ्या गावादेखत स्वतःच्या हातानं एकेकीचं पोलकं उतरवू लागले.